नंबर आणि तारखा आपल्याच घरात: बड्या क्लाउडशिवाय फोन-कॉम्प्युटरचं सिंक

रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही शेतकरी घरातले फोन एका जागी ठेवून बघा. केळीचा ट्रक भरणारी टोळी, ठिबकवाला, डीपी जळाली की ज्याला बोलवायचं तो वायरमन, हे नंबर नानांच्या फोनमध्ये. खतवाला, बँक, विमा भावाच्या फोनमध्ये. अर्ध्या गोताचे नंबर सुरतेला उधन्यात राहणाऱ्या काकांकडे. ऐन वेळी ज्याला विचारावं तो म्हणतो, "मना फोनमा तो नंबर नही शे." तारखांचीही तीच गत. शेतीच्या लाइटची पाळी एकाला माहीत, गॅसची तारीख दुसऱ्याला, आणि साखरपुडा कधी आहे ते फक्त वहिनींना.

सगळ्यांनी एकाच गूगल खात्यात लॉगिन करायचं, हा पुष्कळ घरांनी काढलेला तोडगा. त्यात नंबर जुळतात खरे, पण पुतणीचे मेल नानांच्या फोनवर वाजतात, फोटो मिसळतात, आणि कुणी पासवर्ड बदलला की अख्खं घर एकदम बाहेर. शिवाय घरातल्या प्रत्येकाची ओळखपाळख परक्या सर्व्हरवर जाऊन बसते ती वेगळीच.

इथे दुसरी वाट सांगतो: घरातल्याच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर छोटा सर्व्हर, म्हणजे सगळे नंबर-तारखा सांभाळून फोनांना पुरवणारा प्रोग्राम, आणि सगळ्यांचे फोन त्याला जोडलेले. सर्व्हरचं काम एका संध्याकाळी उरकतं. खरी मेहनत पुढे आहे. प्रत्येकाच्या फोनवर नवा नंबर नेमका कुठे सेव्ह होतो ते ठरवून द्यावं लागतं, आणि सिंक (म्हणजे सगळ्या फोनांत एकच यादी राहणं) जिथे बिघडतं तिथे बहुतेक वेळा हेच राहून गेलेलं असतं. म्हणून लेखाचा तो भाग घाईत वाचू नका.

एक सूचना आधीच. सोयीसाठी फाइलींची, आज्ञांची नावं आणि आकडे मी देवनागरीत लिहिले आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे.

आत काय चालतं

सेव्ह केलेला नंबर म्हणजे मजकुराची एक चिमुकली फाइल असते, व्हीकार्ड नावाची. ती नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत कार्ड सुरू झाल्याची खूण दिसते, दुसरीत आवृत्ती, ३.० किंवा ४.०. मग 'एफएन' ही दोन अक्षरं आणि त्यापुढे नाव, 'टेल'पुढे नंबर, 'यूआयडी'पुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, आणि शेवटी कार्ड संपल्याची खूण. संपलं. कॅलेंडरमधला कार्यक्रमही असाच आयकॅलेंडर प्रकारच्या फाइलीत राहतो. फोटो जोडलेला नसेल तर एक कार्ड काहीशे बाइटचं. हजार नंबरांना एक एमबीसुद्धा लागत नाही. एवढ्याशा मजकुरासाठी कुणाचं डेटा सेंटर कशाला हवं, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

या फाइली सर्व्हर आणि फोन यांच्यात नेण्या-आणण्याचे नियम जगजाहीर आहेत. कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह, ज्याचं मानक २००७ मध्ये आलं. नंबरांसाठी कार्डडॅव्ह, त्याचं २०११ मध्ये. मानक खुलं असल्याने आयफोन, थंडरबर्ड (कॉम्प्युटरवरचं मेल-कॅलेंडरचं अॅप), लिनक्सवरचं तसंच इव्होल्यूशन हे सगळे एकाच सर्व्हरशी बोलू शकतात. अँड्रॉइडला तेवढी ही भाषा जन्मतः येत नाही, त्यासाठी एक अॅप लागतं. ते पुढे येईल.

यूआयडीची माळ लक्षात ठेवा. सिंकच्या दृष्टीने माणसाची ओळख नावावरून ठरत नाही, या माळेवरून ठरते. एकच 'वायरमन बापू' दोन फोनांतून दोनदा आयात केला तर दोन वेगळ्या माळा तयार होतात आणि दोन बापू दिसू लागतात. डबल नंबरांचं दुखणं बहुधा इथूनच सुरू होतं.

दुसरी गोष्ट खान्देशासाठी फार कामाची: प्रत्येक फोनवर पूर्ण प्रत असते. सर्व्हर बंद असला तरी नंबर दिसतात, कॅलेंडर चालतं, नवीन नोंदही होते. लाइट आली, सर्व्हर उठला की राहिलेली देवाणघेवाण होते. त्यामुळे भारनियमनाची धास्ती घेऊन हा विचार सोडायचं कारण नाही.

मशीन कोणतं घ्यावं

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप मला सगळ्यांत योग्य वाटतो. त्याची बॅटरी वीस मिनिटं जरी टिकत असली तरी लाइटचे छोटे झटके ती पचवते, वेगळा यूपीएस लागत नाही. दोन जीबी रॅम भरपूर झाली. रास्पबेरी पाय घेतला तर वीज अगदी कमी लागते आणि जागाही, पण त्याचं मेमरी कार्ड वारंवार लाइट जाण्याने खराब होऊ शकतं. तो वापरायचा तर राउटरसोबत छोट्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवा.

मशीन पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. रास्पबेरी पायची चिप ८० अंशांच्या वर गेली की स्वतःचा वेग उतरवते, त्याने फारसं बिघडत नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मात्र उन्हाळ्यात फुगू शकते. कीबोर्ड किंवा टचपॅड वर आल्यासारखा वाटला तर बॅटरी काढून टाका आणि लॅपटॉप थेट इन्व्हर्टरच्या लाइनवर चालवा.

लॅपटॉपवर डेबियन लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, डेस्कटॉपचा पसारा न घेता. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो. ते टाळायला 'लॉगइनडी' नावाच्या सेटिंग फाइलीत 'हँडल लिड स्विच'च्या ओळीपुढे 'इग्नोर' लिहायचं आणि मशीन रीस्टार्ट करायचं. नंतर राउटरच्या पानावर जाऊन या मशीनला कायमचा एकच अंतर्गत पत्ता बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. हे केलं नाही तर लाइट गेल्यावर राउटर नवा पत्ता वाटतो आणि सगळे फोन जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतात.

सर्व्हर: रॅडिकेल

पर्याय बरेच आहेत. नेक्स्टक्लाउड मोठं आहे, त्यात फाइली, फोटो सगळं येतं, पण फक्त नंबर-तारखांसाठी ते जड पडतं आणि अपडेटची कटकट मागे लागते. बायकल हलकं आहे, मात्र त्याला पीएचपी आणि वेब सर्व्हर लागतो. मी रॅडिकेल सुचवेन. पायथनमध्ये लिहिलेला छोटा, मोफत, मुक्तस्रोत सर्व्हर आहे. डेटाबेस लागत नाही, प्रत्येक नंबर आणि कार्यक्रम साध्या फाइलीत ठेवतो. उद्या रॅडिकेल बंद पडलं तरी फाइली तुमच्या हातात आहेत, यात सगळं आलं.

डेबियनमध्ये ते नेहमीच्या 'एपीटी इन्स्टॉल'ने 'रॅडिकेल' नावाखाली मिळतं. सोबत 'अपाचे टू युटिल्स' हे पॅकेजही घ्या, पासवर्डची फाइल त्याने बनते. मग असं करा:

१. 'एचटीपासडब्ल्यूडी' आज्ञेने पासवर्डची फाइल बनवा. ती 'ईटीसी'मधल्या 'रॅडिकेल' फोल्डरमध्ये 'यूझर्स' नावाने ठेवा. आज्ञेसोबत कॅपिटल 'बी'चा पर्याय द्या म्हणजे पासवर्ड बीक्रिप्टने बंदिस्त होतात. फाइल पहिल्यांदा बनवतानाच छोट्या 'सी'चा पर्याय द्यायचा. पुढच्या माणसाच्या वेळी तो दिला तर आधीचे सगळे पुसले जातात.

२. त्याच फोल्डरमधली 'कॉन्फिग' फाइल उघडा. 'ऑथ' भागात प्रकार 'एचटीपासडब्ल्यूडी' लिहा, खाली यूझर्स फाइलचा पूर्ण रस्ता आणि एन्क्रिप्शनपुढे 'बीक्रिप्ट'. ओळींच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढायला विसरू नका, ते असेपर्यंत ओळ लागू होत नाही. अलीकडच्या आवृत्त्या हे सांगेपर्यंत कुणालाच आत घेत नाहीत, आणि ते बरंच आहे.

३. यूझर्स फाइल रॅडिकेलच्या प्रक्रियेला वाचता येते ना ते पाहा. मालकी रूटची (लिनक्समधल्या मुख्य खात्याची) आणि परवानगी फक्त रूटला असेल तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही.

४. 'सिस्टमसीटीएल'ने सेवा सुरू करा आणि मशीन सुरू होताना ती आपोआप उठेल असं सांगा.

रॅडिकेलचं दार म्हणजे पोर्ट ५२३२. मुळात ते फक्त त्याच मशीनपुरतं उघडं असतं. घरातल्या वायफायवर उघडायचं तर कॉन्फिगच्या 'सर्व्हर' भागात 'होस्ट्स'पुढे चार शून्यांचा पत्ता आणि पोर्ट द्यावा लागतो, ०.०.०.०:५२३२. तसं केलं तर पासवर्ड घरच्या वायफायवरून उघडा जातो. वायफायचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला दिलेला असेल (तो दिलेला असतोच), तर पुढच्या भागात सांगितलेली वाट धरा आणि हे दार बंदच ठेवा.

खाती कशी पाडायची? रॅडिकेलमध्ये मुळातला नियम असा की ज्याचं खातं त्यालाच त्याच्या गोष्टी दिसतात. वाटून घेण्याचे बारीक नियम लिहिता येतात, पण त्यात पडू नका. 'घर' नावाचं एक सामायिक खातं करा आणि शिवाय प्रत्येकाचं वैयक्तिक. 'घर' सगळ्यांच्या फोनवर, वैयक्तिक ज्याच्या त्याच्या फोनवर. केळीचा व्यापारी, वायरमन, डॉक्टर, पाहुणे हे 'घर'मध्ये. वहिनींच्या मैत्रिणी आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरीचे नंबर त्यांच्या त्यांच्या खात्यात. हे आधीच स्पष्ट बोलून घ्या. घरातल्या पोरीबाळींचे नंबर सगळ्यांच्या फोनवर उघडे पडले तर ते सिंक नको झालेलं बरं.

खाती झाली की (पुढच्या भागातली वाट धरणार असाल तर ती मांडून झाल्यावर) कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये रॅडिकेलचं पान उघडा, लॉगिन करा आणि नवीन अॅड्रेस बुक व नवीन कॅलेंडर बनवा. एका खात्यात अॅड्रेस बुक एकच ठेवा, कारण आयफोनला एकाच खात्यातली अनेक पुस्तकं नीट दिसत नाहीत. कॅलेंडर हवी तितकी करा. 'शेत', 'लग्नकार्य', 'बिलं' अशी तीन वेगळ्या रंगांत केली की पुरे होतं.

गावाबाहेरून कसं पोचायचं

पूर्वी राउटरवर पोर्ट उघडून देत. आता बहुतेक मोबाइल आणि पुष्कळ फायबर जोडण्यांवर ते चालतच नाही, कारण कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुमची जोडणी त्यातलीच समजा. आणि पोर्ट उघडता येत असलं तरी एचटीटीपीएसशिवाय, म्हणजे कुलूपबंद जोडणीशिवाय, ५२३२ जगाला उघडून देऊ नका.

त्यापेक्षा वायरगार्डवर (दोन मशीनांमधला रस्ता कुलूपबंद करणारं मुक्तस्रोत व्हीपीएन) चालणारं खासगी जाळं बरं. टेलस्केल हे त्यातलं सोपं रूप, घरगुती वापराला फुकट. सर्व्हरवर आणि प्रत्येक फोनवर ते टाकायचं, एकाच जाळ्यात लॉगिन करायचं, की सुरतेचा फोन आणि चोपड्याचा लॅपटॉप एका खोलीत असल्यासारखे एकमेकांना दिसतात. मग त्याच्या व्यवस्थापन पानावर 'मॅजिक डीएनएस' आणि एचटीटीपीएस प्रमाणपत्रं चालू करा आणि सर्व्हरवर 'टेलस्केल सर्व्ह' आज्ञेला ५२३२ पोर्ट द्या. मागे चालू राहण्यासाठी 'बीजी'चा पर्याय लावा. आता रॅडिकेल स्वतःच्या मशीनपुरतंच उघडं राहतं, आणि बाहेरचे फोन कुलूपबंद पत्त्यावरून येतात. आयफोन एचटीटीपीएस नसेल तर कुरकुर करतो, तीही अडचण इथे मिटते.

यात एक गंमत आहे. टेलस्केलमध्ये लॉगिन करायला बहुतेक जण गूगल, मायक्रोसॉफ्ट किंवा अॅपलचंच खातं वापरतात. बड्यांच्या दारातून जाऊन बड्यांपासून सुटका. पण नंबर आणि तारखा त्या रस्त्याने जात नाहीत, त्या फोन आणि सर्व्हर यांच्यात कुलूपबंदच जातात. तेवढंही नको असेल तर नुसतं वायरगार्ड स्वतः मांडता येतं, किंवा हेडस्केल, म्हणजे टेलस्केलचा स्वतः चालवायचा मुक्तस्रोत पर्याय. दोन्हींना भाड्याचा छोटा सर्व्हर किंवा सार्वजनिक पत्ता लागतो. मी पहिल्यांदा करणाऱ्याला टेलस्केलच सांगेन.

एक सेटिंग विसरू नका: टेलस्केलची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते. सर्व्हरच्या नावापुढे ही मुदत बंद करून टाका. नाहीतर सहा महिन्यांनी सगळं आपोआप थांबेल आणि का ते कुणालाच आठवणार नाही.

घरातले सगळे रोज संध्याकाळी घरीच येत असतील तर हा भाग सोडूनही चालेल. फोन घरच्या वायफायवर आले की सिंक होईल. फक्त गल्लीच्या वायफायचं वर म्हटलेलं लक्षात असू द्या.

आधी जुने नंबर झाडून घ्या

नंबर सध्या तीन-चार ठिकाणी विखुरलेले असतात: सिमवर, फोनच्या मेमरीत, गूगल खात्यात, कधी फोन कंपनीच्या खात्यात. कॉन्टॅक्ट्स अॅपमध्ये एखादा नंबर उघडला की तो कुठे आहे ते दिसतं. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे सिम. तिथे नाव तोकडं होतं, एका नावाला बहुधा एकच नंबर बसतो, आणि सिम बदललं की सगळं गेलं.

सिमवरचे आणि फोनमधले नंबर आधी गूगल खात्यात हलवा, मग तिथलं डबल नंबर जोडण्याचं साधन चालवा. निघताना त्यांचाच झाडू वापरून घ्यायला हरकत नाही. हाताने एकेक नंबर तपासण्यापेक्षा ते कितीतरी लवकर होतं. सगळे नंबर +९१ लावून ठेवा, दुबईला गेलेल्या भाच्यालाही तोच नंबर लागेल. 'केळीवाला नवीन', 'केळीवाला २', 'राजू नको उचलू' यांचं काय करायचं ते नानांना विचारूनच ठरवा, ते नंबर बहुधा कामाचे असतात.

नावं मराठीत की इंग्रजीत? 'बापू' एकीकडे आणि तोच इंग्रजीत दुसरीकडे, असं असेल तर शोधताना एकच सापडतो. एक लिपी ठरवा आणि दुसऱ्या लिपीतलं नाव टोपणनावाच्या रकान्यात टाका. शोधताना बहुतेक अॅप तो रकानाही पाहतात.

आता बाहेर काढणं. गूगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबपानावरून 'एक्सपोर्ट' करून व्हीकार्ड घ्या. कॅलेंडरच्या सेटिंगमधून 'इम्पोर्ट-एक्सपोर्ट'मध्ये गेलं की एक झिप मिळते, तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची वेगळी फाइल असते.

इथे एक खड्डा आहे. अँड्रॉइड फोनमधून थेट व्हीकार्ड काढलं तर ते बहुधा जुन्या २.१ आवृत्तीत निघतं. ते नोटपॅडमध्ये उघडलं तर देवनागरी नावाच्या जागी बरोबरच्या (=) चिन्हांची आणि इंग्रजी अक्षर-अंकांची रांगच्या रांग दिसते. ही फाइल रॅडिकेलच्या पानावरून चढवायचा प्रयत्न केला तर ती अडू शकते किंवा नावांचा चुथडा होतो. म्हणून फोनमधून काढलेली फाइल सर्व्हरवर चढवू नका. पुढे सांगतो तसं फोनला सर्व्हरशी जोडा आणि त्याच फोनच्या कॉन्टॅक्ट्स अॅपमधून ती नव्या खात्यात आयात करा. अॅप ती योग्य आवृत्तीत करून वर पाठवतं. ही आयात एकाच फोनवरून करायची. बाकीचे फोन फक्त जोडायचे, नंबर त्यांच्यावर आपोआप उतरतात. दोन फोनांवरून आयात केली की दोन बापू.

फोन जोडणे

अँड्रॉइडसाठी डॅव्हएक्स५ हे अॅप. प्ले स्टोअरवर ते विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत दुकानात तेच फुकट. परवडत असेल तर विकत घ्या, बनवणाऱ्यांचं घर त्यावर चालतं. अॅप उघडून अधिकच्या चिन्हावर जा, 'पत्ता आणि नाव देऊन लॉगिन' हा पर्याय निवडा, सर्व्हरचा पत्ता, खात्याचं नाव, पासवर्ड. अॅप स्वतःच शोधून काढतं की तिथे कोणती पुस्तकं आणि कॅलेंडर आहेत. हवी त्यांच्यापुढे खूण करा. 'घर' आणि वैयक्तिक, अशी दोन खाती दोनदा जोडा.

सर्व्हरवर काही नवीन आलं का, हे अॅप मुळात दर चार तासांनी विचारतं. ते पंधरा मिनिटांपर्यंत खाली आणता येतं, पण एक तास पुरेसा आहे. फोनवर तुम्ही केलेला बदल मात्र लगेच वर जातो. फक्त घरच्या वायफायवर सिंक करायची अटही घालता येते, त्यासाठी अॅपला लोकेशनची परवानगी लागते.

आणि बॅटरी! स्वस्तातले अँड्रॉइड फोन मागे चालणारी अॅप मारून टाकण्यात पटाईत असतात. डॅव्हएक्स५ला बॅटरी बचतीतून वगळा, 'ऑटोस्टार्ट'ची परवानगी द्या. टेलस्केललाही. दोन दिवस सिंक झालं आणि मग थांबलं, ही तक्रार आली की आधी इथेच पाहायचं.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. कॉन्टॅक्ट्स अॅपच्या सेटिंगमध्ये 'नवीन संपर्कांसाठी डीफॉल्ट खातं' असतं. ते 'घर' करा. अनोळखी नंबरावरून फोन आला, नाना कॉल यादीतून 'सेव्ह करा' दाबतात, तेव्हा तो नंबर कुठे जातो ते त्यांच्यासमोर बसून एकदा करून पाहा. काही कंपन्यांची स्वतःची कॉन्टॅक्ट्स अॅप बाहेरची खाती दाखवतच नाहीत. तिथे गूगलचं कॉन्टॅक्ट्स अॅप किंवा फॉसिफाय कॉन्टॅक्ट्स टाका आणि जुन्याचं चिन्ह होम स्क्रीनवरून काढा, नाहीतर सवयीने बोट तिकडेच जातं. व्हॉट्सअॅपमधून नंबर सेव्ह करतानाही लक्ष हवं. आता व्हॉट्सअॅप स्वतःपुरताही नंबर ठेवू शकतं. 'फोनमध्ये सिंक करा'चं बटण बंद असेल तर तो नंबर फोनबुकात येत नाही, मग सर्व्हरवर कुठून येणार?

आयफोनला वेगळं अॅप लागत नाही. सेटिंग्ज, अॅप्स, कॅलेंडर, त्यात खाती, 'खातं जोडा', 'इतर' आणि तिथे कॅलडॅव्ह. जुन्या आवृत्तीत 'अॅप्स'ची पायरी नसते. कार्डडॅव्ह वेगळं जोडावं लागतं, तोच पत्ता देऊन. कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट खातं बदलायचं, इथेही.

कॉम्प्युटरवर थंडरबर्ड. अॅड्रेस बुकमध्ये 'कार्डडॅव्ह जोडा', कॅलेंडरमध्ये 'नेटवर्कवरचं नवीन कॅलेंडर'. दुकानाच्या कॉम्प्युटरवर जुनं आउटलुक असेल तर त्याला कॅलडॅव्ह येत नाही, 'कॅलडॅव्ह सिंक्रोनायझर' नावाची मोफत जोड लागते. कीपॅडचा फोन वापरणाऱ्या आबांना मात्र या जाळ्यात आणता येत नाही. त्यांच्यासाठी वर्षातून एकदा महत्त्वाचे नंबर ब्लूटूथने पाठवायचे.

एकाच नंबरात दोघांनी एकाच वेळी बदल केला तर? सर्व्हरपाशी आधी पोचलेला बदल राहतो, मागाहून आलेला नाकारला जातो. घरात हे क्वचितच होतं.

कॅलेंडर: पुनरावृत्ती आणि तिथी

गॅस, वीजबिल, विम्याचा हप्ता, दर आठवड्याची शेतीच्या लाइटची दिवस-रात्र पाळी, या गोष्टी पुनरावृत्ती लावून एकदाच टाकायच्या. पाळीचं वेळापत्रक बदललं तर 'यापुढच्या सगळ्या' हा पर्याय निवडून बदल करा, मागच्या नोंदी तशाच राहतात. बागेची नोंद करताना नावात बाग लिहा, 'मृगबाग खत' आणि 'कांदेबाग खत' (केळी लागवडीचे दोन हंगाम) वेगळं, म्हणजे शोधता येतं.

सणांचं मात्र दरवर्षीच्या पुनरावृत्तीने जमत नाही. कॅलेंडरचा नियम इंग्रजी तारखेवर चालतो आणि आपलं अर्धं वर्ष तिथीवर. आखाजी (अक्षय्य तृतीया) २०२४ मध्ये १० मेला होती, २०२५ मध्ये ३० एप्रिलला. आखाजीला सालदाराचा हिशोब करायचा आणि फोन दहा मेची आठवण देतोय, अशाने काम व्हायचं नाही. खान्देशातल्या कानबाईच्या सणाचंही तसंच, नागपंचमीनंतरचा रविवार इंग्रजी तारखेत कसा बांधणार? आजोबांचं श्राद्ध, तिथीने होणारे वाढदिवस, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, सगळे त्याच वर्गातले. त्यावर सोपा उपाय: 'तिथी' नावाचं वेगळं कॅलेंडर करा आणि नवी दिनदर्शिका घरी आली की कुणीतरी एकाने बसून वर्षभराच्या तारखा त्यात टाकायच्या, पुनरावृत्ती न लावता. अर्ध्या तासाचं काम आहे आणि आईला विचारत विचारत केलं तर काहीच सुटत नाही. अशा नोंदी 'पूर्ण दिवस' म्हणून टाका, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकाच्या फोनवर त्या आदल्या दिवशी सरकत नाहीत.

प्रत ठेवणं आणि किल्ली कुणाकडे

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लहान पोराने खेळता खेळता एका फोनवर पन्नास नंबर पुसले तर ते सगळ्यांच्या फोनवरून पुसले जातात, तेही इमानेइतबारे. रॅडिकेलचा सगळा साठा 'व्हार', 'लिब', 'रॅडिकेल'च्या आत 'कलेक्शन्स' फोल्डरमध्ये असतो. तो रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी होईल असं बसवा आणि मागच्या काही आठवड्यांच्या प्रती राहू द्या. जाणकार असाल तर रॅडिकेलच्या साठ्याला गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) जोडता येतं, मग प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो. एकदा मुद्दाम एक खोटा नंबर पुसून तो प्रतीतून परत आणून बघा. परत आणता न आलेली प्रत काय कामाची?

हेही कळलं पाहिजे की रॅडिकेल फाइली उघड्या ठेवतं. ज्याच्या हातात मशीन, त्याला सगळ्यांची वैयक्तिक खातीही वाचता येतात. निदान डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तर नंबर जाणार नाहीत. पण मग लाइट जाऊन मशीन रीस्टार्ट झालं की कुणीतरी पासवर्ड टाकायला घरी हवं. मशीन सांभाळणाऱ्यावर घरात विश्वास बसत नसेल तर ईटीसिंकसारखी व्यवस्था पाहा, तिथे सर्व्हरवाल्यालाही मजकूर वाचता येत नाही.

आणि ज्याने हे उभं केलं तो पुण्याला नोकरीला गेला तर? एका कागदावर मशीनचा पासवर्ड, राउटरचा पासवर्ड, टेलस्केलचं खातं आणि प्रत कुठे आहे ते लिहून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. घरात असं सांभाळणारं कुणीच नसेल तर हा उद्योग करूच नका. पोस्टेओ, मेलबॉक्स डॉट ऑर्ग, फास्टमेल अशा थोडे पैसे घेणाऱ्या सेवा कॅलडॅव्ह-कार्डडॅव्ह देतात. डॅव्हएक्स५चं जोडणं, डीफॉल्ट खातं, तिथीचं कॅलेंडर, हे सगळं त्यांच्यावरही जवळपास असंच चालतं.

सगळे फोन नीट बोलू लागल्यावरच जुनं सिंक बंद करा. फोनच्या सेटिंगमध्ये खात्यांत जाऊन गूगल खात्यातलं 'कॉन्टॅक्ट्स' आणि 'कॅलेंडर' तेवढं बंद करायचं, खातं काढायचं नाही, मेल आणि प्ले स्टोअर त्यावरच आहेत. गूगलच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइसवरचे संपर्कही सिंक करा' असं एक वेगळं बटण असतं, तेही बंद करा. तिकडची जुनी प्रत एक महिना तशीच राहू द्या, आणि त्या महिन्यात कुणाचा नंबर सापडेनासा झाला तर तिथून उचलून 'घर'मध्ये टाका.